तंत्रपदविका : वाणिज्याच्या घरातील विसरलेले शिल्प

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या बाजारपेठांत काही दिवस एकाच विषयाची चर्चा असते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वरच्याही पुढे गुजरातच्या सीमेकडे वसलेले हरसूल त्याला अपवाद नाही. भात, नागली आणि वरई पिकविणाऱ्या डोंगराळ आदिवासी पट्ट्याची ही बाजारपेठ. आजूबाजूच्या पाड्यांवरील माणसे मीठमिरचीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंतच्या खरेदीसाठी येथे येतात.

समजा, अशा बाजारपेठेतील एका दुकानदाराच्या मुलाला दहावीत साठ टक्के गुण मिळाले आहेत. गणित बरे आहे, भाषा बेताची आहे. पण घरातला बिघडलेला मिक्सर तो उघडून बसतो आणि बहुधा दुरुस्तही करतो. घरात दोनच मते असतात. आईला वाटते, त्याला नाशिकला ठेवावे, अकरावी-बारावी करावी, मग कोणती तरी पदवी घ्यावी. काका म्हणतात, एवढा खर्च कशाला, दुकानात बसवा किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यात उमेदवारीला लावा. पाड्यावरच्या घरातही प्रश्न हाच असतो, मात्र तेथील उत्तरे अधिक तोकडी असतात. जवळच्या महाविद्यालयात जमेल ती पदवी, नाहीतर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरी.

या दोन उत्तरांच्या मधोमध एक तिसरी वाट आहे. ती नवी नाही, गुप्त नाही आणि महागही नाही. तरीही घराघरांतील चर्चेत तिचे नाव शेवटी येते, आणि तेही ‘पुढचे काही जमले नाही तर’ अशा सुरात. ती वाट म्हणजे उच्च तंत्रशिक्षणाची पदविका आणि तिच्या पुढील प्रगत तांत्रिक अर्हता.

मधल्या माणसाचे काम

कोणत्याही कारखान्यात ढोबळमानाने तीन प्रकारचे तांत्रिक ज्ञान लागते. यंत्राची रचना करणारा, गणिते मांडणारा अभियंता हा एक. प्रत्यक्ष लेथ, वेल्डिंगची मशाल वा वायरिंग हाताळणारा कुशल कारागीर हा दुसरा. या दोघांमध्ये एक माणूस असावा लागतो. त्याला आराखडा वाचता येतो आणि यंत्राचा आवाज ऐकून बिघाडही ओळखता येतो. पाळीचे नियोजन, मालाची तपासणी, देखभालीचे वेळापत्रक आणि कामगारांना समजेल अशा भाषेत अभियंत्याची सूचना पोहोचविणे, ही त्याची कामे. पदविका अभ्यासक्रम मुळात याच माणसासाठी आखलेला आहे.

दहावीनंतर तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम शासकीय व खासगी तंत्रनिकेतनांत चालतो. त्याच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा द्यावी लागत नाही; दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. अलीकडच्या वर्षांत मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्यायही दिला आहे. आश्रमशाळेतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींसाठी ही सोय लहान नाही.

शिकाऊ उमेदवारीला ही पदविका विरोधी नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि अभियांत्रिकी पदवीधरांबरोबर पदविकाधारकांनाही उमेदवारीची दारे उघडली. दहावीनंतर थेट उमेदवारीला गेलेला मुलगा एका कामात तरबेज होतो. पदविका घेऊन उमेदवारीला गेलेला मुलगा त्या कामामागचे कारणही जाणतो. बढतीच्या वेळी हा फरक दिसू लागतो.

त्र्यंबकेश्वरचा एक विद्यार्थी

पदवीवाचून तंत्र शिकणे म्हणजे कमी शिकणे, हा समज अलीकडचा आहे. याच तालुक्याच्या मातीत त्याचे मोठे उत्तर आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी स्थापन केलेले कलाभवन ही त्या काळातील तंत्रशिक्षणाची अग्रेसर संस्था होती. फाळक्यांनी छायाचित्रण, ठसेकाम, छपाई अशी एकेक विद्या हस्तगत केली. तिरंगी छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्यामागे पदवी नव्हती. पायरी-पायरीने, गरज पडेल तसे शिकलेले तंत्र होते.

मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेने, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयने, अनेक दशके यंत्र व विद्युत शाखेतील ‘लायसेन्शिएट’ घडविले. ‘एल. एम. ई.’ ही अक्षरे नावापुढे लावणारे हे लोक पदवीधर नव्हते, पण गिरण्यांची आणि कारखान्यांची यंत्रे त्यांच्या भरवशावर चालत.

जैन समाजाला तर याबाबतीत दूर पाहण्याची गरज नाही. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून व्यवसाय हाती घेतला. जहाजे, मोटारी आणि विमाने देशातच घडावीत हा त्यांचा ध्यास होता. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला त्यांनी उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीतूनच पुढे, १९६४ मध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्स आकाराला आली. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. आज ओझरच्या कारखान्यासमोरून जाताना फार थोड्यांना आठवते की या उद्योगाच्या मुळाशी एका जैन व्यापाऱ्याचे धाडस आहे, आणि असे कारखाने चालतात ते पदवीधर अभियंत्यांइतकेच पदविकाधारक तंत्रज्ञ आणि कारागिरांच्या हातांवर. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हेही याच समाजातले. नांगर आणि काच यांसारख्या कारखानदारीच्या विश्वात फिरस्ती करून त्यांनी उदरनिर्वाह केला आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘कमवा व शिका’ हा त्यांचा मार्ग. श्रम आणि विद्या यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. स्वतः पदवीधर नसलेल्या या माणसाने लाखो मुलांच्या शिक्षणाची सोय केली.

थांबण्याच्या जागा असलेला जिना

पदविकेचे खरे बळ तिच्या रचनेत आहे. पदवीचा अभ्यासक्रम बहुतांश मुलांसाठी अजूनही एकसंध असतो. मध्येच सुटला तर हाती फारसे काही उरत नाही. तांत्रिक अर्हतांचा मार्ग मात्र जिन्यासारखा आहे. प्रत्येक मजल्यावर थांबून कमावता येते आणि परिस्थिती सुधारली की पुन्हा वर चढता येते.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. पदविका पूर्ण केलेला विद्यार्थी, गुणांची अट पाळून, अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. म्हणजे पदविका निवडल्याने पदवीचे दार बंद होत नाही. बारावीच्या वाटेने जाणाऱ्याची पदवी दहावीनंतर सहा वर्षांनी हाती येते, पदविकेच्या वाटेनेही सहाच वर्षे लागतात. फरक इतकाच की दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षीच एक पूर्ण अर्हता पदरात पडलेली असते.

ज्यांना पदवीकडे जायचे नाही त्यांच्यासाठी पुढचे मजले वेगळे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे व हत्यारे घडविण्याचा चार वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि पदविकेनंतरचे प्रगत अभ्यासक्रम आहेत. वाहन-उद्योगातील प्लास्टिकचा प्रत्येक भाग साच्यातून निघतो. त्यामुळे चांगला साचा बनविणारा माणूस सहसा काम शोधत फिरत नाही. आवश्यक अनुभव मिळविलेल्या पदविकाधारकाला तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेतील प्रगत पदविका घेता येते. हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमणे १९७६ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले, तेव्हापासून या अर्हतेला स्वतंत्र मोल आले. सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंता, रेल्वेतील कनिष्ठ अभियंता अशा पदांसाठीही मूळ अर्हता पदविकेचीच आहे.

शासनानेही या जिन्याची चौकट हळूहळू पक्की केली आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने व्यवसाय-पदवीची योजना आणली. तिच्यात एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी थांबण्याची सोय आहे. २०२१ मध्ये श्रेयांकांची शैक्षणिक पेढी सुरू झाली. खात्यात रक्कम साठवावी आणि गरजेनुसार वापरावी, तसे शिकलेल्या अभ्यासाचे श्रेयांक तेथे साठवता येतात. व्यापारी घरांना ही कल्पना समजावून सांगावी लागू नये.

इतर देशांतही हीच दिशा दिसते. जर्मनीत ‘माइस्टर’ ही कारागिराची सर्वोच्च अर्हता राष्ट्रीय आराखड्यात पदवीच्याच पातळीवर मांडलेली आहे. इंग्लंडने २०२२ पासून शालेय शिक्षण आणि पदवी यांच्यामधील उच्च तांत्रिक अर्हतांना वेगळी मान्यता देण्यास प्रारंभ केला, कारण तेथेही मधल्या पातळीवरच्या तंत्रज्ञांची चणचण जाणवू लागली होती.

वहीतला हिशेब

भावनेचा भाग बाजूला ठेवून हा प्रश्न जमाखर्चाच्या वहीतही मांडून पाहावा. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक कुटुंबाने त्या जागी आपल्या संस्थेचे शुल्क आणि आपल्या बँकेचा व्याजदर घालावा.

एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले, व्याजदर दहा टक्के. अभ्यासाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीला सवलत असते, पण त्या काळातील सरळ व्याज साचत राहते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे, असे एकूण १ लाख ४० हजार रुपये व्याज होते. परतफेड सुरू होताना डोक्यावर ५ लाख ४० हजार रुपये असतात. सात वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे ८,९६५ रुपये येतो.

दुसऱ्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या पदविकेसाठी दरवर्षी ४० हजार याप्रमाणे १ लाख २० हजारांचे कर्ज घेतले. त्याच दराने साचलेले व्याज ३६ हजार रुपये. परतफेडीच्या वेळी देणे १ लाख ५६ हजार आणि हप्ता सुमारे २,५९० रुपये.

आता जमेची बाजू. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार किमान मासिक विद्यावेतन पदवीधरासाठी ९,००० आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये ठरले. त्या किमान दरावर उभ्या असलेल्या पदवीधराचा हप्ता त्याच्या जवळपास सर्व विद्यावेतनाइतका आहे, तर पदविकाधारकाच्या हाती पाच हजारांहून अधिक रक्कम उरते. पुढे वेतन वाढेल हे खरे. परंतु कर्ज थकण्याची वेळ बहुधा सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतच येते, आणि त्या थकबाकीची झळ सहकर्जदार असलेल्या आईवडिलांना बसते. मुलाने घेतलेली पदवी चांगल्या संस्थेतील, त्याच्या आवडीची असेल तर हे ओझे पेलावे. केवळ लग्नाच्या बायोडाट्यात लिहिण्यासाठी ते घेऊ नये.

कर्जाची सोय पदविकेलाही आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण वा स्वतःचा वाटा द्यावा लागत नाही. २०१५ मध्ये कौशल्य कर्ज योजना आली आणि २०२४ मध्ये तिची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला असल्याने अल्पसंख्याक शिष्यवृत्तींचा मार्गही पात्र कुटुंबांना खुला आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी या सर्वांची चौकशी करणे हेच शहाणपणाचे.

हरसूलपासून सातपूरपर्यंत

हरसूलहून नाशिककडे येणारा रस्ता या विषयाचा जणू नकाशाच आहे. त्र्यंबकेश्वर मागे पडले की महिरावणीला अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाचा परिसर लागतो. पुढे सातपूरला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तिच्याभोवती औद्योगिक वसाहत. शासकीय तंत्रनिकेतन नाशिकरोडच्या बाजूला सामनगाव रस्त्यावर आहे. याच जिल्ह्यात चांदवडला १९२८ पासून कार्यरत असलेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम या संस्थेनेही अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर तंत्रनिकेतन उभारले आहे. वाट आहे आणि वाटेवर शिकविणाऱ्या संस्थाही आहेत. अडचण असेल तर ती घरातील संकोचाची.

तंत्र शिकलेल्या मुलाने गाव सोडलेच पाहिजे असेही नाही. या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. नळपाणी योजना, सौर कृषिपंप, भातगिरण्या, पीठगिरण्या ही साधने आता गावोगाव आली आहेत. साधन बसविणारा येतो आणि निघून जातो. बिघडले की नाशिकहून माणूस येईपर्यंत पंप उन्हात तसाच उभा राहतो. विद्युत शाखेची पदविका घेतलेला दुकानदाराचा मुलगा त्याच दुकानात पंप विकेल, बसवेल आणि त्याची देखभालही करील. त्याच्या हाताखाली पाड्यावरचा आयटीआय झालेला तरुण काम करील, आणि काही वर्षांनी तो तरुणही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेईल. असे झाले तर दुकानाचा नफा वाढेलच, शिवाय शेतकऱ्याचे पीकही वेळेवर पाणी पिईल.

मुलींबाबत तर ही वाट अधिक विचारार्ह आहे. संगणक, अणुविद्युत, स्थापत्य, वस्त्रनिर्मिती अशा शाखांतील पदविका अठरा-एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची क्षमता देते. लग्न, स्थलांतर वा बाळंतपण यामुळे शिक्षण थांबले तरी हातातील अर्हता वाया जात नाही, आणि जिन्याचा पुढचा मजला तिच्यासाठी खुला राहतो.

काय तपासावे

या वाटेवर खाचखळगे नाहीत असे नव्हे. लोकसेवा आयोगांच्या राज्यसेवा किंवा नागरी सेवा परीक्षांना पदवी लागतेच. परदेशात उच्च शिक्षण घ्यायचे असेल, संशोधनात जायचे असेल, तर पदवी टाळता येत नाही. काही कंपन्यांत पदविकाधारकाची बढती एका पायरीनंतर अडते, हेही खरे आहे. अशा मुलांनी पदविकेनंतर पदवीचा मजला चढण्याची तयारी मनात ठेवावी. नोकरी करीत शिकणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडे स्वतंत्र तरतूद केली आहे.

संस्था निवडतानाही डोळस असावे. परिषदेची मान्यता आणि मंडळाची संलग्नता चालू वर्षाची आहे का, ते प्रथम पाहावे. मग कार्यशाळेत जाऊन यंत्रे सुरू स्थितीत आहेत की कापडाखाली झाकलेली आहेत, ते स्वतः बघावे. गेल्या वर्षी किती मुले पहिल्या वर्षी उत्तीर्ण झाली, किती जणांना कोठे उमेदवारी मिळाली, हे माजी विद्यार्थ्यांना विचारावे. पहिल्या वर्षाचे गणित अनेकांना जड जाते. त्यासाठी प्रवेशाआधीच्या सुट्टीत उजळणी करून घ्यावी. आणि शाखा निवडताना शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले हे न पाहता आपला मुलगा वा मुलगी रिकाम्या वेळात कशात रमते, हे पाहावे.

जैन परंपरेत भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली असे सांगितले जाते. समाजाने वाणिज्य जपले, विद्येचा मान राखला. शिल्प मात्र, म्हणजे हाताने घडविण्याचे ज्ञान, कुणा दुसऱ्याच्या घरचे मानले. त्या सहांत कोणतेही कर्म उणे ठरविलेले नाही. यंदा निकालानंतर घरातील बैठकीत जेव्हा दोन उत्तरे पुढे येतील, तेव्हा तिसरेही उत्तर तितक्याच गांभीर्याने मांडले जावे, आणि बिघडलेला मिक्सर उघडून बसलेल्या त्या मुलाला त्याचे मत एकदा विचारले जावे.